कम्युनिस्टांनी काढली, हिशेबनिसाने तगवली : टॉपिक रेकॉर्ड्सची गोष्ट

आडवाटेचा

मागे इथे बीटल्सवर धागा निघाला होता, तेव्हा मी म्हटलं होतं की ब्रिटिश रेकॉर्ड कंपन्यांचा इतिहास म्हणजे फक्त ईएमआय आणि डेक्का नव्हे. त्यावर मंद्रसप्तक यांनी "मग लिहा की राव" असं सुनावलं. तर हा घ्या धागा.

कंपनीचं नाव टॉपिक रेकॉर्ड्स. १९३९ साली लंडनमध्ये सुरू झाली आणि अजून चालू आहे. ब्रिटनमधली सर्वांत जुनी स्वतंत्र रेकॉर्ड कंपनी म्हणून तिचंच नाव घेतात. हिच्या खात्यावर पहिल्या नंबरावर गेलेलं एकही गाणं नाही. ज्या कंपन्यांकडे तशी गाणी ढिगाने होती त्यातल्या बर्‍याच विकल्या गेल्या, विलीन झाल्या, बुडाल्या. ही मात्र आहे. का आहे, याबद्दल माझं एक मत आहे, ते शीर्षकात टाकूनच ठेवलंय.

सुरुवात राजकारणातून झाली. १९३६ मध्ये लंडनला वर्कर्स म्युझिक असोसिएशन नावाची संस्था निघाली. अ‍ॅलन बुश हा त्यातला प्रमुख माणूस, स्वतः शास्त्रीय संगीतरचनाकार आणि पक्का कम्युनिस्ट. कामगारांच्या गायनमंडळ्या एकत्र आणायच्या, त्यांना गाण्यांचे कागद छापून द्यायचे, मोर्च्यात म्हणायला नवी गाणी रचायची, असा उद्योग. तीन वर्षांनी त्यांच्या डोक्यात आलं की गाणी छापतो तशी रेकॉर्डवरही काढावीत. दुकानात ठेवायला पैसा नव्हता म्हणून वर्गणीदारांचा क्लब काढला, टॉपिक रेकॉर्ड क्लब. वर्गणी भरा, रेकॉर्ड घ्या.

पहिली तबकडी मला फार आवडते, कारण त्यात या मंडळींचा अख्खा स्वभाव आहे. एका बाजूला 'इंटरनॅशनल', म्हणजे सगळ्या जगातल्या कम्युनिस्टांचं गाणं, छाती काढून म्हणायचं. दुसर्‍या बाजूला कामगारांच्या बिअरमध्ये पाणी घालणार्‍या मालकाचं विनोदी गाणं! मालक स्वतःच्या तोंडाने सांगतो, मी लठ्ठ माणूस, तुमच्या बिअरमध्ये पाणी घालणारा तो मीच. गाणारा पॅडी रायन. हे टोपणनाव, माणूस पेशाने डॉक्टर. एका बाजूला क्रांती आणि दुसर्‍या बाजूला पब. पुढे ऐंशी वर्षं ही कंपनी याच दोन टोकांमध्ये हेलकावत राहिली, आणि खरं सांगायचं तर पबची बाजू जिंकली.

साल बघा, १९३९. लगेच महायुद्ध. त्या काळच्या ७८ वेगाच्या रेकॉर्डी लाखेच्या. दगडाची भुकटी, काजळी आणि त्यांना धरून ठेवायला चपडा लाख, तीच जी आपले जुने सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिशला वापरायचे. ही लाख जगाला मुख्यतः आपल्याकडून जायची, बिहार-बंगालच्या जंगलातून. युद्धात जहाजं अडकली, लाख दुर्मिळ झाली आणि बड्या कंपन्यांचीही ओढाताण सुरू झाली, तिथे या वर्गणीदार क्लबाला कोण विचारतो? त्यातून जे निघालं त्यात सोव्हिएत गाणी बरीच होती. ती आज कुणी ऐकत नाही. ऐकावीत अशीही नाहीत.

त्यात भर म्हणून रेकॉर्डींवर खरेदी कर आला. करात एक पळवाट होती. शंभराच्या आत प्रती काढल्या तर कर लागत नसे. टॉपिकने मग काही रेकॉर्डी नेमक्या ९९ प्रतींच्या काढल्या. ९९! माझ्या चुलत्यांचं लेटरहेड याहून जास्त छापलं जायचं. त्या ९९ पैकी आता किती शिल्लक असतील आणि कुणाच्या माळ्यावर असतील याचा विचार करून रेकॉर्ड जमवणारे लोक झोप घालवतात.

पन्नाशीच्या दशकात दोन माणसं आली आणि कंपनीला चेहरा मिळाला. एक ईवन मॅकॉल. मूळ नाव जिमी मिलर, सॅलफर्डच्या कामगारवस्तीतला, नाटकवाला, आवाज खणखणीत आणि मतं त्याहून खणखणीत. ब्रिटिश गुप्तहेर खात्याने त्याच्यावर फाइल ठेवली होती, ती पुढे खुली झाली. दुसरा ए. एल. लॉइड, सगळे त्याला बर्ट म्हणत. जन्म १९०८. पोरवयात ऑस्ट्रेलियाला पाठवला गेला, तिथे मेंढरांच्या कामावर राबला, गडी जी गाणी म्हणायचे ती वहीत उतरवून घेतली. परत आल्यावर १९३७ मध्ये देवमासे मारणार्‍या जहाजावर चढून थेट अंटार्क्टिकाच्या समुद्रात गेला. असा माणूस लंडनमध्ये बसून लोकगीतांवर बोलायला लागला तर लोक ऐकणारच. लॉइड टॉपिकचा कलाविषयक सल्लागार झाला आणि काय काढायचं, कुणाकडून गाऊन घ्यायचं, मागच्या बाजूला काय लिहायचं, हे सगळं त्याच्या हातात आलं.

पण गाणी जमली म्हणून कंपनी चालत नाही. पक्षाच्या कामात ज्यांनी उमेदवारी केलीय त्यांना माहीत असेल, हिशेबाच्या वहीकडे कुणी बघत नाही आणि मग एक दिवस छापखानावाला दारात उभा राहतो. इथे तिसरा माणूस येतो, ज्याचं नाव कुठल्याच गाण्यात नाही. जेरी शार्प, पेशाने हिशेबनीस. त्याने टॉपिक मूळ संस्थेपासून वेगळी काढून स्वतःच्या पायावर उभी केली. हॅम्पस्टेडमधला नॅसिंग्टन रोडचा पत्ता, लहानसं ऑफिस, मोजकी माणसं. १९७२ मध्ये तो वारला तोवर त्याने टॉपिक चालवली, आणि त्याची पद्धत साधी होती : थोड्या प्रती काढायच्या, संपल्या की पुन्हा थोड्या काढायच्या, आणि यादीतून रेकॉर्ड काढून टाकायची नाही. बड्या कंपन्या सहा महिन्यांत खपलं नाही की माल वितळवत. टॉपिकची रेकॉर्ड वर्षाला मूठभर खपली तरी चालायचं, कारण ती पुढच्या वर्षीही मूठभर खपणार होती.

रेकॉर्डिंगचं काम बिल लीडरकडे. हा घरातल्या घरात, कॅम्डन भागातल्या आपल्या फ्लॅटवर टेपरेकॉर्डर लावून रेकॉर्डिंग करायचा. त्या काळातलं ब्रिटिश लोकसंगीत तुम्ही ऐकलं असेल तर बिल लीडरची खोली तुम्ही ऐकलेली आहे.

१९६३ मध्ये लॉइडने 'द आयर्न म्यूज' काढलं, कोळसा खाणी, गिरण्या, गोद्या यांतली गाणी एका माळेत. तोवर इंग्रज लोकगीत म्हणजे मेंढपाळ, गवळणी आणि मे महिन्यातली सकाळ असा समज होता. गिरणीच्या भोंग्यालाही लोकगीत असतं हे या रेकॉर्डने ठसवलं. आणि १९६५ मध्ये आलं 'फ्रॉस्ट अँड फायर'. हल गावची वॉटरसन भावंडं, नॉर्मा, माइक आणि लाल, आणि त्यांचा मावस-चुलत काहीतरी लागणारा जॉन हॅरिसन. आईबाप लहानपणीच गेलेले, आजीने वाढवलेली मुलं. वाद्य एकही नाही. चार आवाज आणि वर्षभराच्या सणांची गाणी, हिवाळ्यापासून फिरत फिरत सुगीपर्यंत. हे चौघे एका सुरात गात नाहीत, चार वेगवेगळ्या पायवाटांनी चालत एका ओळीच्या शेवटी भेटतात. पहिल्यांदा कानाला टोचतं. 'मेलडी मेकर' साप्ताहिकाने त्याला त्या वर्षीची उत्कृष्ट लोकसंगीत रेकॉर्ड ठरवलं.

पुढचं (टोनी एंगलचा काळ, निक जोन्स, 'व्हॉइस ऑफ द पीपल') प्रतिसादांत टाकतो, हात दुखले.

मंद्रसप्तक

वाचनखूण साठवली. सुनावल्याचा पश्चात्ताप नाही!

एक शंका. क्लब, वर्गणीदार, संघटना हे सगळं असताना तुम्ही श्रेय हिशेबनिसाला देताय. पण लॉइड-मॅकॉल नसते तर हिशेब कशाचा ठेवला असता त्याने? मला वाटतं विचारसरणीमुळेच टिकली. ज्यांना नफा नकोच होता त्यांना तोटा कसला.

आडवाटेचा

तोटा सगळ्यांनाच असतो हो. ज्यांना नफा नको असतो त्यांना तो जरा उशिरा कळतो, एवढंच. :)

पण मुद्दा रास्त आहे, म्हणून उलट बाजूचं उदाहरण देतो. तोच बिल लीडर, ज्याने टॉपिकसाठी इतकं काम केलं, त्याने १९६९ मध्ये स्वतःच्या दोन कंपन्या काढल्या, लीडर आणि ट्रेलर. कान तोच, कलाकार तसेच, हेतूही तितकाच निर्मळ. काही रेकॉर्डी तर टॉपिकपेक्षा सरस. पण धंदा जमला नाही, कंपन्या विकाव्या लागल्या, मालकी या हातातून त्या हातात गेली आणि त्यातलं बरंचसं संगीत कित्येक दशकं बाजारात नीट आलंच नाही. विचारसरणी दोन्हीकडे सारखी होती. वही एकीकडेच नीट होती.

ढोलकीवाला

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. निक जोन्सचं नाव घेतलंत आणि पुढे काहीच नाही, हा अन्याय आहे.

आडवाटेचा

घ्या ढोलकीवाले, खास तुमच्यासाठी.

शार्पनंतर १९७३ च्या सुमारास टोनी एंगल आला. हा स्वतः गाणारा-वाजवणारा, 'ओक' नावाच्या चौकडीत होता आणि त्या चौकडीची रेकॉर्ड टॉपिकनेच काढली होती. म्हणजे कलाकारच मालकाच्या खुर्चीत बसला. तो पुढे चाळीसेक वर्षं तिथेच. त्याच्या काळात नावं बघा : १९७६ मध्ये जून टेबरचं 'एअर्स अँड ग्रेसेस' (बाई ग्रंथपाल होत्या), १९८१ मध्ये स्कॉटलंडच्या डिक गॉखनचं 'हँडफुल ऑफ अर्थ', आणि या दोघांच्या मधे १९८० मध्ये निक जोन्सचं 'पेंग्विन एग्ज'.

निक जोन्सचा उजवा हात गिटारवर जे करतो ते ढोलकीवाल्यालाच जास्त कळेल. तार छेडता छेडता तो मधेच तारांवर थाप मारतो, ठेका तिथूनच निघतो, वेगळं तालवाद्य लागत नाही. 'पेंग्विन एग्ज'मधलं पहिलंच गाणं, प्रियकराच्या मागे जहाजावर चढून कॅनडाला जाणार्‍या मुलीचं, लावा आणि हेडफोन घालून ऐका. १९९२ मध्ये बॉब डिलनने तेच गाणं आपल्या एका अल्बममध्ये घेतलं, आणि निक जोन्सची मांडणी त्याच्या कानात होती हे लपत नाही.

१९८२ च्या फेब्रुवारीत निक जोन्स रात्री एका क्लबातला कार्यक्रम आटपून गाडीने घरी चालला होता. विटांनी भरलेल्या ट्रकवर गाडी आदळली. जिवावरचं निभावलं, पण हाताला आणि मेंदूला इतकी इजा झाली की व्यावसायिक वादन संपलं. वय पस्तिशीचं. त्याच्या आधीच्या बहुतेक रेकॉर्डी ट्रेलरवर होत्या, त्या वर म्हटलेल्या मालकीच्या गुंत्यात अडकल्या. दुकानात कायम मिळत राहिलं ते फक्त टॉपिकचं 'पेंग्विन एग्ज'. तीस वर्षं नव्या पिढीला निक जोन्स म्हणजे ती एक रेकॉर्ड. २०१० नंतर तो पुन्हा मंचावर आला, गायला, गिटार मात्र मुलाच्या हातात.

मंद्रसप्तक, आता सांगा, "यादीतून काढायचं नाही" हा हिशेबनिसाचा नियम कोरडा वाटतो का?

स्मिता_हडर्सफील्ड

इथे यॉर्कशरमध्ये राहून मला हे सगळं नवर्‍याच्या ऑफिसातल्या एका म्हातार्‍या गृहस्थांमुळे कळलं. त्यांच्या आग्रहाने एकदा फोक क्लबला गेलो. क्लब म्हणजे पबच्या वरच्या मजल्यावरची खोली. माइक नाही, मंच नाही. एक जण उठतो, डोळे मिटतो आणि गायला लागतो, तेवढ्यात बाकीचे ध्रुवपदाला आवाज मिसळतात. मधल्या वेळात लॉटरीची चिठ्ठी फाडायची, बक्षीस वाइनची बाटली, त्या पैशातून पाहुण्या गायकाचं मानधन. सगळ्या फोक क्लबांत ही लॉटरी असतेच म्हणे.

वॉटरसन मंडळींचा असाच क्लब होता, हलच्या ब्लू बेल पबमध्ये. फोक युनियन वन असं कामगार संघटनेसारखं नाव. म्हणजे आडवाटेचा म्हणतात ती क्रांतीची बाजू अगदीच हरली नव्हती.

आता खरी सांगायची गोष्ट. टॉपिकच्या जुन्या एल.पी. इथल्या धर्मादाय दुकानांत अधूनमधून मिळतात. निळ्या लेबलवर '१२टीएस' असा क्रमांक : बारा इंची, टॉपिक, स्टिरिओ. आत घडीचा कागद असतो, त्यावर सगळ्या गाण्यांचे शब्द आणि प्रत्येक गाणं कुणाकडून मिळालं, कुठल्या गावचा माणूस, कुणी टिपून घेतलं, याची माहिती. मी घेतलेल्या एका रेकॉर्डच्या कागदावर आधीच्या मालकाने शिसपेन्सिलीने कडव्यांना खुणा केल्यात. तिसर्‍या कडव्यावर काट, शेवटचं ध्रुवपद दोनदा, आणि कोपर्‍यात "माझ्यासाठी दोन सूर खाली" अशा अर्थाचं काहीतरी. हा माणूस रेकॉर्ड ऐकत नव्हता, गाणं बसवत होता. मला वाटतं या कंपनीचं गिर्‍हाईक हे असं होतं, म्हणून मूठभर खप पुरला. एक रेकॉर्ड विकली की एका पबभर लोकांना गाणं मिळायचं.

आडवाटेचा

स्मिताताई, हा प्रतिसाद मूळ धाग्यात चिकटवायला हवा. लंडनमध्ये कोलेट्स नावाचं डाव्यांचं पुस्तकांचं नि रेकॉर्डींचं दुकान होतं, तिथेही असंच गिर्‍हाईक जमायचं, अर्धं विकत घ्यायला आणि अर्धं उभ्या उभ्या पाठ करायला.

अर्धवट पुणेकर

लेख ठीक आहे, पण लॉइडला फार सोपं सोडलंत. या माणसाने किती "लोकगीतं" घरी बसून शिजवली ते का नाही लिहिलं? कोणाच्या शेतातून आणली म्हणायची आणि स्वतःच दोन कडवी घुसडायची. वर मागच्या बाजूला विद्वत्तापूर्ण टिपण! आमच्याकडे याला थाप म्हणतात.

मंद्रसप्तक

लोकगीत बदलतंच की. प्रत्येक गाणारा काहीतरी घालतो. लॉइडने घातलं तर पाप?

आडवाटेचा

अर्धवट पुणेकर, तुमच्या नावातलं विशेषण काढून टाका, आक्षेप पूर्ण बरोबर आहे. :) एकच उदाहरण नीट बघू.

'आयर्न म्यूज'वर अ‍ॅन ब्रिग्जने गायलेलं एक गाणं आहे, 'द रिक्रूटेड कॉलियर'. प्रियकर खाणीत कामाला, सैन्यभरतीवाल्यांनी त्याला दारू पाजून उचललाय आणि ती शेतातून चालताना म्हणते, या कापलेल्या पिकाखाली कोळशाचा थर आहे, तिथेच तो खणत असायचा. फार सुंदर कल्पना : वर धान्य, खाली कोळसा आणि मधे ही बाई. लॉइडने छापताना सांगितलं की हे वर्किंग्टन गावच्या अमुक माणसाकडून मिळालं. पुढे अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा मूळ सापडलं रॉबर्ट अँडरसन या कंबरलंडच्या कवीच्या बोलीभाषेतल्या एका कवितेत. त्यातला प्रियकर शेतावरचा गडी आहे. खाण नाहीच. खाण लॉइडने खणली.

आता मंद्रसप्तक म्हणतात तसं, बदललं म्हणून काही बिघडलं नाही. कविता चांगली होती, गाणं महान झालं. माझ्या मते लॉइड त्यातल्या त्यात मोठा कवीच होता. पण त्याने त्यावर आपलं नाव घातलं नाही, वर एक गाव आणि एक माणूस पुराव्यादाखल उभा केला. बदलणं हा गायकाचा हक्क. पत्ता खोटा देणं हा नाही, विशेषतः जी कंपनी कागदावर प्रत्येक गाण्याचा पत्ता देते म्हणून स्मिताताई तिचं कौतुक करतायत, तिच्यात तर नाहीच. औद्योगिक कामगारांची गाणी हवी तितकी सापडेनात, आणि सिद्धान्त तर सांगतो की ती असलीच पाहिजेत. मग काय, पक्षाची निकड भागवली.

'फ्रॉस्ट अँड फायर'च्या टिपणातही तेच. ही सणांची गाणी ख्रिस्तपूर्व काळातल्या विधींचे अवशेष आहेत असं तो ठासून लिहितो. नंतरच्या इतिहासकारांनी त्यातली बरीच हवा काढली, बर्‍याच प्रथा एवढ्या जुन्या नाहीतच. गाण्यांचं त्याने काही बिघडत नाही.

अर्धवट पुणेकर

विशेषण राहू द्या, सवय झालीय. उत्तर मान्य. पण मग तुमच्या "हिशेबनीस" सिद्धान्तात हेही धरा : आर्थिक वही चोख, गाण्यांची वही नाही.

बिनाका

अवांतर :

अ‍ॅन ब्रिग्जचं नाव निघालंच आहे तर लेड झेपेलिन या रॉक बँडच्या चाहत्यांना हे माहीत असावं. 'ब्लॅकवॉटर साइड' हे गाणं तिला बर्ट लॉइडकडून मिळालं. तिने ते बर्ट जान्श या गिटारवादकाला शिकवलं. जान्शने गिटारवर त्याची एक गुंतागुंतीची साथ बसवली आणि १९६६ मध्ये रेकॉर्ड केली. तीच साथ ऐकून त्या बँडच्या जिमी पेजने १९६९ मध्ये लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमवर 'ब्लॅक माउंटन साइड' वाजवली, श्रेय स्वतःचं एकट्याचं. त्यात तबला आहे, तो विराम जसाणी यांचा. आणि हाच जिमी पेज बँडचा गायक रॉबर्ट प्लांटला घेऊन १९७२ मध्ये मुंबईला आला, इथल्या वादकांना घेऊन त्याने दोन गाणी रेकॉर्ड केली. ती कित्येक वर्षं चोरट्या टेपवर फिरत होती, २०१५ मध्ये अधिकृतपणे निघाली.

/अवांतर समाप्त

आडवाटेचा

अवांतर कसलं, हाच तर मुद्दा. असाच दुसरा किस्सा ट्रॅफिक या रॉक बँडचा. त्यांच्या १९७० च्या अल्बमचं नावच 'जॉन बार्लीकॉर्न मस्ट डाय'. त्यातलं जॉन बार्लीकॉर्नचं गाणं, म्हणजे जवाला माणूस कल्पून त्याला कापतात, झोडतात, दळतात आणि शेवटी त्याची बिअर होऊन तोच सगळ्यांना आडवं करतो, ते त्यांच्यातल्या ख्रिस वुडने 'फ्रॉस्ट अँड फायर'वर ऐकलं होतं. फरक एवढाच की त्यांनी वॉटरसन मंडळींचा उल्लेख केला. अल्बम अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना भरपूर खपला. टॉपिककडे त्यातला पैसा येण्याचं काही कारण नव्हतं, पारंपरिक गाण्यावर हक्क कुणाचा?

अ‍ॅन ब्रिग्जबद्दल दोन ओळी, कारण ती माझी विशेष लाडकी. नॉटिंगहॅमजवळची मुलगी, १९६२ मध्ये नाटककार आर्नल्ड वेस्करच्या सेंटर ४२ या कामगारांपर्यंत कला नेणार्‍या चळवळीचा कलामेळा तिच्या भागात आला, मॅकॉल-लॉइड प्रभृतींनी तिला ऐकलं आणि सतराव्या-अठराव्या वर्षी ती घर सोडून त्यांच्याबरोबर निघाली. टॉपिकने १९६४ मध्ये तिची छोटी रेकॉर्ड काढली, मोठी निघायला १९७१ उजाडलं. तिला स्वतःचा आवाज रेकॉर्डवर ऐकायला आवडतच नसे. त्र्याहत्तरच्या आसपास तिने गाणं सोडलं आणि स्कॉटलंडला निघून गेली. इतका कमी ऐवज मागे ठेवून इतक्या लोकांवर प्रभाव पाडणारी गायिका दुसरी नाही.

प्राजक्ता_के

सगळं वाचलं, छान रंगलाय धागा. पण एक खटकतं. कामगारांसाठी काढलेली कंपनी शेवटी कुणाची झाली? प्राध्यापक, ग्रंथपाल आणि रेकॉर्ड जमवणार्‍यांची. कामगार तर बीटल्स ऐकत होता.

आडवाटेचा

खरंय, आणि हे दुखणं त्यांच्या लोकांनाही माहीत होतं. पण एक बाजू राहते. टॉपिकने नुसते शहरी गायक घेतले नाहीत, ज्यांच्याकडून गाणी आली ते म्हातारे गायकही घेतले. आयर्लंडची मार्गारेट बॅरी, रस्त्यावर, जत्रेत बॅन्जो वाजवत गाणारी. स्कॉटलंडची जीनी रॉबर्टसन, भटक्या जमातीतली, १९५३ मध्ये हेमिश हेंडरसन या लोकगीतं जमवणार्‍याने जिला शोधून काढलं. जिप्सी घराण्यातली फीबी स्मिथ. हे लोक दुसर्‍या कुठल्या कंपनीच्या दारात उभे राहिले असते तर रखवालदाराने हाकलले असते.

आणि १९९८ मध्ये टॉपिकने 'द व्हॉइस ऑफ द पीपल' काढलं. वीस सीडी. रेज हॉल यांनी संपादन केलेल्या. खलाशांची वेगळी, शिकार्‍यांची वेगळी, दारूची वेगळी, फाशीची वेगळी अशी विषयवार. गाणारे सगळे शेतमजूर, मच्छीमार, फिरस्ते, घरकाम करणार्‍या बायका. एका छोट्या कंपनीने एका दमात वीस सीडी काढणं म्हणजे वेडेपणाच. हे काम खरं तर सरकारी संस्थेने किंवा विद्यापीठाने करायचं.

स्मिता_हडर्सफील्ड

म्हातार्‍या गायकांत वॉल्टर पार्डन राहिला! नॉरफॉकचा सुतार, लग्न केलं नाही, जन्मभर आईबापांच्या त्याच घरात. मामाकडून लहानपणी शेकड्याने गाणी शिकला, आणि गावात ती ऐकणारं कुणी उरलं नाही तेव्हा स्वतःशीच म्हणत राहिला. सत्तरच्या दशकात, साठीला टेकल्यावर, लोकांना त्याचा पत्ता लागला. मग क्लबवाले त्याला बोलवायला लागले आणि हा सुतारमामा टाय बांधून अमेरिकेलाही गाऊन आला. त्याचं ऐकताना कुठेही नाटकीपणा नाही, माप घेऊन फळी कापावी तशी ओळ म्हणतो.

ढोलकीवाला

निक जोन्स ऐकला. तीनदा. ती थाप! आभार.

आता सध्या कंपनीचं काय चाललंय? यूट्यूबच्या जमान्यात मूठभर तरी कोण घेतं?

आडवाटेचा

एंगल निवृत्त झाल्यावर डेव्हिड सफ यांनी सूत्रं घेतली. वितरण दुसर्‍या कंपनीकडे दिलंय, टॉपिक काय काढायचं तेवढं ठरवते. २००९ मध्ये सत्तरी झाली तेव्हा सात सीडी आणि एक जाडजूड पुस्तक असा संच काढला. २०१९ मध्ये ऐंशीनिमित्त आजच्या गायकांना सांगितलं की आमच्या जुन्या यादीतलं एकेक गाणं निवडा आणि आपल्या पद्धतीने गा. मधल्या काळात नॉर्मा वॉटरसन आणि तिचा नवरा, गायक-गिटारवादक मार्टिन कार्थी, यांची मुलगी एलायझा कार्थी टॉपिकवर आली. तिच्या टॉपिकवरच्या दोन अल्बमना वर्षातल्या उत्कृष्ट अल्बमसाठीच्या ब्रिटिश मर्क्युरी पारितोषिकाचं नामांकन मिळालं, १९९८ मध्ये 'रेड राइस' आणि २००३ मध्ये 'अँग्लिकाना'. एका सुईच्या खोबणीत दोन पिढ्या, वगैरे लिहिण्याचा मोह आवरतो.

जुनं बरंचसं आता डाउनलोडला मिळतं, ऐकण्याच्या अ‍ॅपवर तर आहेच. एकदा टेप आपल्याकडे सांभाळून ठेवली की तिला पुन्हा बाजारात आणायला फार खर्च नाही. ज्यांनी ठेवली नाही त्यांचं काय झालं ते वर आलंच आहे.

प्राजक्ता_के

मी अगदीच नवखी. इंग्रजी लोकगीतातलं ओ की ठो कळत नाही. कुठून सुरुवात करू?

आडवाटेचा

'पेंग्विन एग्ज'पासून. गिटार आहे, चाल सोपी, आवाज आपलासा. मग जून टेबर, पण तिचं 'एअर्स अँड ग्रेसेस' सलग ऐकू नका. त्यात पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या लढाईत पाय गमावलेल्या सैनिकाचं एक गाणं ती बिनसाथीचं म्हणते, त्यानंतर लगेच दुसरं काही ऐकवत नाही. 'फ्रॉस्ट अँड फायर' तिसरं. आणि अ‍ॅन ब्रिग्ज वाटेल तेव्हा.

बिनाका

'फ्रॉस्ट अँड फायर' घरात मोठ्याने लावू नका, मी लावलं तर सासूबाई बाहेर येऊन विचारतात, भजनी मंडळ कुणाकडे बसलंय?

अर्धवट पुणेकर

मी 'रिक्रूटेड कॉलियर' ऐकलं. थाप आहे, पण काय थाप आहे! डिक गॉखनवर वेगळा धागा काढा, तोवर लॉइडवरचा राग राखून ठेवतो.

आडवाटेचा

काढतो. दिवाळी अंकाचं काम एकदा हातावेगळं होऊ द्या.